तीन, तिरकी रेघ, सात

८ मार्च २००१ ची संध्याकाळ होती. चर्चगेटहून सुटलेल्या बोरिवली लोकलच्या महिलांच्या डब्यात मला खिडकीजवळची जागा मिळाली होती, आणि मरीन लाइन्स यायच्या आतच मी पर्समधून पाम नावाचे हातातले डायरीयंत्र काढून दुसऱ्या दिवशीची कामे पाहायला घेतली होती. कामांच्या यादीत चौथ्या ओळीवर एका दाव्याचे नाव होते, त्याच्यासमोर ३/७ अशी तारीख होती आणि त्या तारखेला अगदी चिकटून एक उद्गारचिन्ह उभे होते. मुदत टळलेल्या कामासमोर हे यंत्र असे चिन्ह आपोआप लावते, हे मला ठाऊक होते. पण ३ जुलै उजाडायला अजून जवळजवळ चार महिने होते. यंत्र बिघडले असावे अशा समजुतीने मी तारखेवर स्टायलस, म्हणजे यंत्राची बिनशाईची लेखणी, टेकवला, तारीख निवडण्याचा पर्याय उघडला, आणि समोर आलेल्या महिन्याच्या चौकटीवर नाव होते मार्चचे. सातव्या घरावर काळी खूण होती. यंत्र बरोबर होते. ते अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे आधी महिना आणि मग दिवस लिहीत होते, आणि मी ते आपल्याकडच्या सवयीने, आधी दिवस आणि मग महिना असे वाचत होते. दाव्याची तारीख आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

त्या काळी मी फोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करत होते. सरांकडे भाडेकरूंची प्रकरणे मोठ्या संख्येने असत, आणि दिवसभरात कोणत्या मॅटरला कोणती तारीख पडली हे टिपून संध्याकाळी चेंबरच्या मोठ्या डायरीत उतरवणे हे माझे रोजचे काम होते. न्यूजर्सीला स्थायिक झालेला माझा मावसभाऊ २००० च्या दिवाळीत आला, तेव्हा त्याने स्वतःसाठी नवे यंत्र घेतलेले होते आणि आपले वापरातले जुने तो माझ्यासाठी घेऊन आला होता. १९९८ साली बाजारात आलेले ते पाम थ्री. तळहातावर मावणारे, दोन बारीक पेन्सिल सेलवर चालणारे, १६० गुणिले १६० ठिपक्यांच्या हिरवट राखाडी स्क्रीनचे; त्यावर लिहायचे ते स्टायलसने, बहुतेक अक्षरे हात न उचलता एकाच फटकाऱ्यात. "तुला कोर्टात उपयोगी पडेल," असे दादा म्हणाला होता, आणि ते खरोखरच उपयोगी पडत होते. कागदी डायरीत पुढे गेलेली तारीख जुन्या पानावर तशीच राहते आणि खाडाखोड वाढत जाते. इथे तारीख बदलली की ती ओळ आपली आपण नव्या जागी जाऊन बसत असे.

हातात आल्यावर सर्वांत आधी मी त्याचे घड्याळ लावले होते. दिवाळीच्या त्या दिवसांत न्यूजर्सीची वेळ आपल्या साडेनऊ तास मागे होती, त्यामुळे इथे संध्याकाळचे सात वाजले असताना त्यावर सकाळचे साडेनऊ दिसत होते. यंत्राला शहरांची जाण नव्हती. 'जनरल' नावाच्या पानावर जाऊन तास आणि मिनिटे बाणांनी वरखाली करायची, एवढीच सोय होती. चर्चगेट स्थानकातल्या घड्याळाकडे पाहत मी मिनिट जुळवले आणि यंत्र आता मुंबईचे झाले, असे मला मनापासून वाटले. वेळेच्या बाबतीत सावध राहण्याची सवय मला कामामुळे लागलेली होती. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली बॉम्बे टाइम, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागची वेळ, १९५५ पर्यंत धरून ठेवली होती. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदात अमुक वाजता अमुक घडले असे लिहिलेले असेल, तर ते कोणत्या घड्याळाप्रमाणे, हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नसू. हाच प्रश्न तारखेला विचारायला हवा, हे मला सुचले नाही. 'फॉरमॅट्स' हे पान मी साडेचार महिन्यांत एकदाही उघडले नव्हते.

इतके दिवस हे लक्षात कसे आले नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दिवसाच्या पानावर यंत्र महिन्याचे नाव अक्षरांत लिहीत असे, त्यामुळे तिथे गोंधळाला जागाच नव्हती. आकड्यांत तारीख दिसे ती कामांच्या यादीत, आणि तीही वर्षाशिवाय, कारण त्या चिमुकल्या ओळीत जागा नसे. त्यातही १/२३ किंवा २/१९ असे काही समोर आले की तेविसावा किंवा एकोणिसावा महिना नसतो हे मनाला उमगते आणि मन न सांगता उलटे वाचून घेते. मीही तसेच करत होते. एक ओळ उलटी वाचायची, लगेच पुढची सवयीने सुलटी वाचायची, आणि दोन्ही वेळा आपण बरोबर वाचले अशी खात्री बाळगायची. फसगत होते ती महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत. बारा महिन्यांचे असे १४४ दिवस होतात. त्यांतले १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे दोन्हीकडून सारखे वाचले जाणारे १२ दिवस सोडले, तर वर्षातल्या १३२ तारखा अशा उरतात की त्यांचा दुसरा अर्थही तितकाच शक्य असतो. वर्षाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग. त्या भागात चूक झाली तर ती चूक आहे असे ओरडून सांगणारे काहीही आकड्यांत नसते.

यंत्राच्या आत मात्र कसलाही संदिग्धपणा नव्हता, हे मला पुढे कळले तेव्हा विलक्षण वाटले. ही यंत्रणा प्रत्येक तारीख १६ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या १६ घरांत, साठवते: ७ बिट वर्षाला, ४ महिन्याला, ५ दिवसाला. वर्षांची मोजणी १९०४ पासून सुरू होते आणि ७ बिटांत १२८ वर्षे मावतात, म्हणून तिचे कॅलेंडर १९०४ मध्ये उघडते आणि २०३१ च्या डिसेंबरात मिटते. महिना आधी दाखवायचा की दिवस, तिरकी रेघ द्यायची की टिंब, हे सारे तारीख स्क्रीनवर येते त्या क्षणापुरते ठरते. फॉरमॅट बदलल्याने साठवलेली एकही तारीख हलत नाही. म्हणून ७ मार्च उलटताच त्याने बिनचूक उद्गारचिन्ह लावले. जे सांगायचे ते त्याने सांगितले होते. ऐकणाऱ्याची भाषा निराळी होती आणि ती बदलण्याची सोय तीन टिचक्यांवर असूनही मी ती वापरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जाऊन मी रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाची नोंद, पाहिला. वादी गैरहजर, वकील गैरहजर, म्हणून दावा काढून टाकलेला होता. असा दावा पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, आणण्यासाठी अर्ज करायला मुदतीच्या कायद्याप्रमाणे ३० दिवस मिळतात. त्यांतले दोनच गेले होते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. प्रतिज्ञापत्रावर अशिलाची सही हवी होती, म्हणून मी दुपारीच गिरगावात त्यांच्या चाळीत गेले. सत्तरीच्या बाई, एकट्याच राहणाऱ्या, खोलीच्या ताब्याविषयीची काळजी त्यांना रात्रंदिवस पोखरत असे. मी काय झाले ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, भिंतीवरच्या कालनिर्णयाची पाने एकेक करत वर धरली, जुलैचे पान आल्यावर थांबल्या आणि मला जवळ बोलावले. ३ तारखेच्या घराभोवती निळ्या पेनाने काढलेले वर्तुळ होते, एकदा काढून पुन्हा गिरवलेले.

"वकीलबाई, तुम्ही फोनवर ३ जुलै सांगितलं होतंत ना?" त्यांनी विचारले. त्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्याकडूनच ऐकण्यात चूक झाली की काय, ही धास्ती होती. "माझ्याच वाचण्यात चूक झाली, काकू," असे मी म्हटले आणि प्रतिज्ञापत्रातही तसेच लिहिले. अर्ज मंजूर व्हायला चार महिने लागले. विरुद्ध पक्षाला जो खर्च द्यावा लागला तो मी भरला. सरांना सर्व सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "महिना अक्षरांत लिहीत जा." आजतागायत मी कोणत्याही कागदावर महिना आकड्यात लिहिलेला नाही.

त्या ८ मार्चच्या रात्री घरी पोहोचल्यावर मी जेवणाआधी 'प्रेफरन्सेस' उघडले आणि कोपऱ्यातल्या यादीतून 'फॉरमॅट्स' निवडले. सर्वांत वर देशाचे नाव होते, अर्थात अमेरिकेचे. एक देश निवडला की त्याच्या चालीरीतींप्रमाणे खालचे सगळे पर्याय एका झटक्यात बदलत. मी आधी ब्रिटन निवडून पाहिले, मग तेही सोडून एकेक ओळ स्वतंत्रपणे ठरवायचे ठरवले. तारखेच्या ओळीत दिवस आधी, महिना आधी, वर्ष आधी असे तिन्ही क्रम होते, आणि मधे तिरकी रेघ, टिंब की आडवी रेघ, अशीही निवड होती. वर्ष आधी लिहिण्याच्या क्रमाने मला बराच वेळ अडवून ठेवले. १९८८ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने तोच क्रम सांगितला आहे, आणि तो तर्काला धरून आहे: मोठ्याकडून लहानाकडे, जसे आपण तास, मिनिटे, सेकंद असे सांगतो. पण आमच्या रोजनाम्यात, पावत्यांवर, भाडेकरारांत दिवसच आधी येतो, आणि दिवसभर ते कागद वाचून आलेल्या डोळ्यांना मी संध्याकाळी दुसरा क्रम शिकवायला निघाले असते तर तीच चूक नव्या वाटेने झाली असती. मी दिवस, महिना, वर्ष हा क्रम निवडला. बाहेर येऊन यादी पाहिली तर सगळ्या ओळींतले आकडे जागा बदलून बसले होते, आणि साडेचार महिन्यांत पहिल्यांदाच ती यादी मला एका दमात वाचता आली.

आकड्यांच्या ओळीत स्वल्पविराम कुठे आणि टिंब कुठे याचेही चारपाच प्रकार होते, युरोपातल्या देशांचे वेगळे, अमेरिकेचे वेगळे. लाखाचा स्वल्पविराम मात्र त्यांत नव्हता. सव्वा लाखाची थकबाकी आपण १,२५,००० अशी लिहितो. तशी ती दाखवण्याची कोणतीच निवड तिथे नव्हती, म्हणून रकमा मी शेवटपर्यंत कागदावरच ठेवल्या.

आठवड्याची सुरुवात रविवारपासून की सोमवारपासून, हा शेवटचा पर्याय दिसायला सर्वांत किरकोळ होता आणि त्यानेच मला सर्वांत जास्त दिवस घोळवले. कोर्टाचा आठवडा सोमवारी सुरू होतो. शनिवार-रविवार उजवीकडे शेजारी शेजारी आले तर कामाचे पाच दिवस सलग दिसतील, असा हिशोब करून मी सोमवार निवडला. तीन आठवडे तसे वापरले. पण महिन्याचे पान पाहताना आपण वार वाचतच नाही, जागा पाहतो, हे त्या तीन आठवड्यांत मला कळले. शाळेपासून पाहिलेल्या प्रत्येक कॅलेंडरात डावीकडचे पहिले लाल घर रविवारचे होते. मधल्या घरात बुधवार असतो, हे मला कोणी शिकवले नव्हते, डोळ्यांनी ते आपले आपण टिपून ठेवले होते. आता त्या मधल्या घरात गुरुवार येऊन बसला होता, आणि गुरुवारच्या तारखा मी बुधवारच्या म्हणून सांगू लागले. एकदा पोळल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. मी रविवार परत आणला. हिशोबाने जे सोयीचे ते डोळ्यांनाही सोयीचे असेलच असे धरून चालणे, ही यंत्र बनवणाऱ्याकडून होते तशी वापरणाऱ्याकडूनही होणारी चूक आहे, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

महिन्याच्या पानाविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण त्याच्याइतका कमी जागेत इतके सांगणारा कागद मी पाहिलेला नाही. प्रत्येक तारखेच्या घरात उजव्या कडेला बारीक रेघ उमटे: सकाळचे काम असेल तर वर, दुपारच्या वेळचे असेल तर मधे, नंतरचे असेल तर खाली. पण आमच्या तारखांना वेळ कुठे असते? बोर्ड अकराला सुरू होतो आणि आपला पुकारा केव्हा होईल ते कोणी सांगू शकत नाही. अशा वेळ नसलेल्या नोंदी महिन्याच्या पानावर दाखवायच्या की नाही, याची वेगळी खूणचौकट होती. ती मी त्याच रात्री भरली, आणि भरताक्षणी घराघरांत अधिकचे छोटे चिन्ह उगवले. तोवर माझा मार्च महिना जवळजवळ रिकामा दिसत होता. आता तो खराखुरा दिसू लागला. दिवसाचे पान सकाळी आठला उघडून संध्याकाळी सहाला मिटे, ते मी रात्री नऊपर्यंत लांबवले, कारण चेंबरमधल्या बैठका साडेसहानंतरच सुरू होत.

या दुरुस्त्यांच्या ओघात जुन्या तारखांचाही पडताळा घेण्याचा नाद मला लागला. मुंबईच्या भाडे नियंत्रणाच्या जुन्या, १९४७ च्या कायद्यात १ सप्टेंबर १९४० ही तारीख पायासारखी होती. प्रमाण भाडे ठरवताना त्या दिवशी काय भाडे होते, हे पाहिले जाई. यंत्रात मी वर्षाच्या बाणावर टिचक्या मारत मागे गेले आणि तो दिवस रविवारचा होता असे आढळले. अमेरिकेच्या क्रमाने तीच तारीख ९/१/४० अशी दिसली असती, आणि ती आपल्या डोळ्यांना ९ जानेवारी वाटली असती. त्यातला ४० हा आकडाही एरवी दोन शतकांचा असू शकतो, पण या यंत्राचे कॅलेंडर २०३१ च्या पुढे जात नसल्यामुळे त्याच्या स्क्रीनवरचा ४० नेहमी १९४० चाच असे. त्या बाबतीत तरी त्याची मर्यादा माझ्या कामी आली.

आईने एकदा त्यात संकष्ट्या घालून द्यायला सांगितले. दर आठवड्याला, दर महिन्याला त्याच तारखेला, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दर वर्षी, अशी पुन्हापुन्हा येणारी नोंद हे यंत्र एकदा सांगून लक्षात ठेवत असे. संकष्टी मात्र यांतल्या कोणत्याच साच्यात बसत नाही. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी होते. चंद्राची गती कमीजास्त होते म्हणून तिथीही कधी लांबते, कधी आखडते, आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांच्या आसपास असल्याने वद्य चतुर्थी इंग्रजी महिन्यात मागे सरकत राहते. मी कालनिर्णय शेजारी ठेवून वर्षभराच्या संकष्ट्या एकेक करून भरल्या आणि प्रत्येकीसमोर चंद्रोदयाची वेळ लिहिली. आईला ती यादी दाखवली तेव्हा तिने चष्मा पुढे-मागे केला आणि अक्षर फार बारीक आहे म्हणाली. तेव्हा टंकाचा आकार बदलायचा पर्याय मी पहिल्यांदा शोधला. तीन प्रकार होते. सर्वांत मोठ्या आकारात एका वेळी थोड्याच ओळी मावत, पण आई आपली आपण संकष्टी शोधू लागली, आणि तिने नंतर मला कधी तारीख विचारली नाही.

स्क्रीनचा गडदपणा ही गोष्ट फॉरमॅट्ससारखी एकदा ठरवून मोकळे होण्याची नव्हती. यंत्राच्या डाव्या कडेला एक दातेरी चकती होती, ती अंगठ्याने फिरवली की अक्षरे गडद किंवा फिकी होत. द्रव-स्फटिकांच्या अशा स्क्रीनमध्ये विजेचा दाब वाढला की आतले रेणू आपली दिशा बदलतात आणि ठिपका काळा दिसतो. चकती त्या दाबाचेच नियमन करत असे. उन्हाळ्यात तापमान वाढले की तेच रेणू कमी दाबालाही दाद देतात. त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी, पर्समध्ये तापून निघालेले यंत्र उघडले की सगळी स्क्रीन काळसर पडलेली असे आणि अक्षरे त्यात बुडालेली असत. चकती किंचित मागे घ्यायची, अक्षरे वर येत. चेंबरच्या थंड हवेत गेल्यावर तीच अक्षरे फिकी पडत आणि चकती पुन्हा पुढे न्यावी लागे. सकाळच्या लोकलमध्ये पूर्वेकडच्या खिडकीतून थेट ऊन आले की मला उलट बरे वाटे, कारण ही स्क्रीन बाहेरचाच उजेड परतवून दाखवते. जितके ऊन अधिक तितकी ती स्वच्छ. अंधाऱ्या रेकॉर्डच्या खोलीत चालू-बंदचे बटण दोन सेकंद दाबून धरले की मागून हिरवट प्रकाश येई, पण सेल लवकर उतरतील या भीतीने मी तो जपून वापरत असे. एकदा पर्समधल्या किल्ल्यांना घासून चकती पार शेवटाला गेली आणि दादरला उघडून पाहते तो स्क्रीन कोरी. यंत्र गेले असे समजून माझे हातपाय गार पडले. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने ते माझ्या हातातून घेतले, चकती फिरवली, आणि कोऱ्या स्क्रीनवर दिवसभराच्या तारखा सावकाश उमटत गेल्या. तिच्या दादाकडेही तसेच यंत्र होते.

सेल बदलताना एका मिनिटाच्या आत नवे घालावे लागत. सगळ्या नोंदी आणि सगळ्या आवडीनिवडी अशा स्मृतीत असत की वीज तुटली की त्या पुसल्या जात. मधल्या मिनिटापुरती शक्ती यंत्र साठवून ठेवी. २००३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी राजापूरला गेले आणि पाम चेंबरच्या खणात राहून गेले. परत आले तेव्हा सेल पूर्ण उतरलेले होते. नवे घातल्यावर यंत्राने मला अनोळखी माणसासारखे वागवले: आधी स्क्रीनवर उमटलेल्या खुणांच्या मध्यावर स्टायलस टेकवून दाखव म्हणाले, म्हणजे बोट कुठे पडते ते त्याला कळावे, मग वेळ विचारली, तारीख विचारली. नोंदी चेंबरच्या संगणकावर होत्या, त्या परत येणार होत्या. पण मी संगणकाला जोडण्याआधी प्रथम 'फॉरमॅट्स' उघडले. देशाच्या ओळीत पुन्हा अमेरिका होती.

हातात फोन आले आणि पाम मागे पडले. फोन आपली वेळ आपण लावून घेतो, देश ओळखतो, आणि तारीखही बहुधा आपल्याच क्रमाने दाखवतो. तरीही नवा फोन घेतला की मी आधी तारखेचे पान उघडून ७ मार्च कशी दिसते ते पाहते, आणि चेंबरमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला तसे करायला लावते. मुले ऐकतात. त्यातल्या काहींना मी चाळीतल्या निळ्या वर्तुळाबद्दल सांगितले आहे.

गेल्या महिन्यात जुने खण आवरताना पाम हाती लागले. खाली जाऊन दोन सेल आणले. चालू होईल असे वाटले नव्हते, पण चकती थोडी पुढे घेतल्यावर खुणा उमटल्या. मी त्यांच्या मध्यावर स्टायलस टेकवला, वेळ लावली, बाणांवर टिचक्या मारत वर्ष आजपर्यंत आणले. मग कामांच्या यादीत त्या दाव्याचे नाव पुन्हा लिहिले आणि तारखेच्या चौकटीत मागे मागे जात २००१ च्या मार्चमधले सातवे घर निवडले. ओळीच्या शेवटी ३/७ आले आणि त्याला चिकटून उद्गारचिन्ह. 'फॉरमॅट्स' उघडून मी क्रम बदलला आणि परत यादीकडे आले. आकड्यांनी जागा बदलून ७/३ केले होते. उद्गारचिन्ह होते तिथेच होते.